कोरड्या चादरी

डोंगरांनी तीन बाजूंनी वेढलेल्या त्या बंदराच्या गावात येणारा प्रत्येक पाहुणा चढावरच्या एका वळणावर थांबतो आणि कॅमेरा काढतो. खाली घरांची उतरंड, पलीकडे समुद्र आणि मध्ये एका गच्चीवर वाऱ्याने फुगलेल्या पांढऱ्या चादरी.

या चादरी वर्षानुवर्षे धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. गच्ची लॉजची, तिच्यावरची खोलीही लॉजचीच. ती कामासोबत मिळालेली होती; काम सुटले की खोलीही सुटणार होती. तिथे मावशी आणि त्यांची विधवा सून राहत.

लॉजमालकाने धुलाईचे यंत्र आणले. कपडे त्यातच वाळू लागले, तशी सून सामानाची बांधाबांध करू लागली. पण मालक वर आला तो वेगळेच सांगायला.

"मावशी, तुम्ही राहा. जुन्या चादरी रोज सकाळी टांगायच्या, संध्याकाळी काढायच्या. धुवायच्या नाहीत. लोक फोटोसाठी येतात ना."

"म्हणजे वाळलेल्या चादरी वाळत घालू?"

"तसंच समजा."

"मग जेवून उठलेल्यांना भरवायलाही ठेवा कुणीतरी," मावशी म्हणाल्या. सून हसली, मालक हसला नाही.

मावशींनी ते पत्करले. कष्ट वाचले, असे शेजारीपाजारी म्हणत. कष्टांतून सुटका होणे आणि कष्टांचा अर्थ हिरावला जाणे, यांतला फरक ज्याचे हात रिकामे होतात त्यालाच कळतो. "वजनच नाही हिला," कोरडी चादर झटकत त्या सुनेला सांगत. तरीही कडा जुळवल्याशिवाय त्यांनी चिमटा कधी लावला नाही.

मग एका मासिकासाठी फोटो काढणारी मंडळी आली. त्यांना काळ्या ढगांपुढे पांढऱ्या चादरी हव्या होत्या. ही मंडळी ढगांची वाट पाहत मुक्काम ठोकून बसली. मालकाने मावशींना बजावले, "आभाळ आलं तरी काढायच्या नाहीत."

"कळतं मला. लहान का आहे मी?"

एका दुपारी डोंगरामागून ढग चढले. मावशी भाजी निवडत होत्या. दारातून गार झुळूक आली आणि भाजी तशीच टाकून त्या धावल्या. वळणावरचे कॅमेरे रोखले जाईपर्यंत दोऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. चादरींचा गठ्ठा छातीशी धरून, एक थेंबही लागू दिला नाही या समाधानात त्या दारात उभ्या राहिल्या. मग त्यांना आठवले.

मालक धापा टाकत वर आला. "सांगितलं होतं ना?"

"हात गेले हो पुढे. भिजल्या असत्या."

"भिजल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

मावशींनी गठ्ठा खाली ठेवला. ज्या काळजीत त्यांचा जन्म गेला, तिच्यावाचून कुणाचे काही अडत नव्हते.

खोली सोडावी लागली. आता त्या दोघी वळणापाशीच एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. मालकाने चादरी दोरीला कायमच्या शिवून टाकल्या आहेत. त्या भिजतात, मळतात. इतक्या दुरून मळ दिसत नाही. पाहुणे फोटो काढतात आणि पुढे जातात.

आभाळ भरून आले की मावशी उठून खिडकीशी जातात.

"बसा ना, आई," सून म्हणते. "आपल्या आहेत का त्या?"

"कधी होत्या?" मावशी म्हणतात, आणि उभ्याच राहतात.