विसाव्याचा रकाना

तक्तेबाबूंना कोरा कागद बघवत नसे. लग्नपत्रिका हातात आली, की वधूवर राहिले बाजूला, आधी ती उलटी करून पाठीमागे रेघा आखायला घेत. वाशीमच्या ज्या जिनिंगात मी कापसाच्या आवकेवर कारकून होतो, तिथे ते मजुरांची हजेरी बघत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांचे ते तक्तेबाबू.

त्यांच्याआधी हजेरी म्हणजे नावापुढे एक फुली, बस्स. बाबूंनी नवा तक्ता आखला. आला किती वाजता, गेला किती वाजता, काम किती तास आणि शेवटी विसावा किती तास. चोवीसातून काम वजा केलं की उरेल तो विसावा. तो आठ तासांहून कमी भरला, तर त्या माणसाला कामावर घ्यायचं नाही, हे त्यांनी मालकांशी भांडून कबूल करून घेतलं होतं. "रकान्यात नाई, त थे झालंच नाई," असं ते आम्हाला दिवसातून दहादा ऐकवत.

घरीही तेच. बायकोसाठी एक तक्ता आखून चुलीमागच्या भिंतीला डकवला. वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "माह्या इसाव्याचा रकाना कायले आखला? जागा फुकट गेली न." बाबू आणि मी पोट धरधरून हसलो. मूर्ख कुठले!

गड्यांमध्ये संपत म्हणून एक होता, तीन कोसांवरून पायी येणारा. घरी माय एकटी, म्हणून रोज परत जायचा. हंगामात बारा तासांची पाळी लागली. एका सकाळी सरकी काढायच्या यंत्रापाशी त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि उजवा हात कोपरापर्यंत गेला.

भरपाई द्यायची की नाही, यावर चौकशी बसली. चौकशीला आलेल्या साहेबांनी बाबूंचीच वही उघडली. विसावा, बारा तास. "बारा तास आराम केलेल्या माणसाला झोप येते कशी? हा शुद्ध निष्काळजीपणा आहे."

बाबू उभे राहिले. "सायेब, आकडे बराबर हायेत. तक्ता चुकला, अन् तो म्या आखला. हा माणूस जायाले-याले पाच घंटे चालत होता. म्या थे इसाव्यात धरले."

"चालणं कामात येतं का?"

"नाई."

"मग विसाव्यातच येणार," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

मालकांनी तिथेच मला विचारलं, वही बरोबर आहे ना? मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, नोकरीची भीती वाटली. संपतला काही मिळालं नाही. आपलीच वही चुकीची म्हणणारा कारकून कोण ठेवतो? आठवड्याभरात बाबूंनाही काढलं.

इंझोरीला भावाकडे जाण्यापूर्वी ते माझ्या घरी आले. माझी मान वर होईना. त्यांनी नवा तक्ता पुढ्यात ठेवला. काम आणि विसावा यांच्यामध्ये एक रकाना जास्तीचा होता, 'वाट'. "तुमच्यानं जमलं त चालू करा," इतकंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

त्यांच्या जागी मलाच बसवलं. पुढच्या हंगामात संपतचा धाकटा भाऊ कामाला लागला, त्याच गावाहून, पायी येणारा. मी त्याच्या नावापुढे रोज बारा तास विसावा लिहीत गेलो.