डोंग्यातलं गठुडं

वैनगंगेतल्या बेटावरच्या सुकराम डोंगेवाल्यावर अन्याय झाला तो गांजाचा नवा कायदा आल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. डोंग्यात (लाकडी होडीत) राहिलेलं गठुडं त्यानं आपल्या पायांनी चौकीत नेऊन दिलं. आत गांजा निघाला. आणून देणाराच आत गेला.

आमच्या गांजाविरोधी मंडळाची पत्रकं बेटावर वाटायला मी तुमसरहून एस.टी.नं निघालो. फाट्यापासून नदीपर्यंत धानाच्या बांध्यांतून पायवाट होती. चिखलात एक चप्पल गेली ती गेलीच. काठावर सुकरामची बायको भागरता डोंगा घेऊन उभी होती. मी तिला आमचं पत्रक वाचून दाखवलं : 'गांजा रोखा, नदीवरचे डोंगे बंद करा!'

"मंग आमी पोहत जाऊ का, भाऊ?" ती म्हणाली. पत्रकं मी पिशवीत परत कोंबली.

बेटावर वीसेक घरं. भात आणि झिंग्याची चटणी वाढता वाढता ती सांगत होती. डोंग्यात राहिलेली वस्तू काठावरच्या जांभळीला टांगायची, धनी येऊन नेतो. हे गठुडंही तीन दिवस टांगलेलं होतं. कोणी आलं नाही, म्हणून सुकराम चौकीत गेला.

"उघडून पाहिलं नाही?"

"दुसऱ्याचं गठुडं कायले उघडाव जी?"

चौकीतल्यांनी मात्र लिहिलं, गांजा झोपडीत सापडला.

शेजारचे दसरूबुवा त्या फेरीत डोंग्यात होते. "टेरीकॉटवाला होता गा. काठावर खाकी दिसली अन् गठुडं टाकून पयाला. सुकरामले वाटलं, पोट बिघडलं असन!" बुवा हसले.

"कोर्टात हे सांगाल?"

"तो मानूस अजून नदीवर फिरून राहिला. मी एकटा नाही येत. सुकराम अन् तो सोडून डोंग्यात आमी सहा झन होतो. बाकीचे तुमच्याकडचे, बाजाराचे. त्यायले आना, मी पुढं चालतो."

परतताना भागरतानंच वल्हं मारलं. गांजा नेणारे आमच्या काठावरून चढतात, आमच्याच काठावर उतरतात, आणि आम्ही पत्रकं काढतो ती बेटावर!

तुमसरच्या बाजारकरूंनो, त्या डोंग्यात तुमच्यातले पाच जण होते. सुकरामच्या पुढच्या तारखेला कोर्टात उभे राहा आणि गठुडं कोणी टाकलं ते सांगा.