बारा व्होल्टांचा मुक्काम

तंबूत राहणाऱ्या माणसाकडं सामान थोडं, त्यामुळं किस्से ठेवायला जागा भरपूर! इंदापूर-बारामतीकडं पाटाच्या मोजणीवर मी ओव्हरसियर होतो, त्या चार हंगामांतले किस्से अजून संपत नाहीत. मित्र म्हणतात, "सांग रे, तुझी फजिती ऐकली की जेवण पचतं." आता त्यांच्या पचनाची जबाबदारी माझ्यावरच म्हटल्यावर सांगायला हवं.

कळंबच्या शिवारात आमचा मुक्काम. मी, जीपचे ड्रायव्हर इस्माईलभाई आणि स्वयंपाकी आबा. आबा साठीचे, तोंडानं फटकळ, पण भाकरी अशी की शिव्याही गोड लागाव्यात. पुण्याचं रेडिओ केंद्र तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मोठ्या साहेबांनी आपली जुनी विलायती मोटार मोडीत काढली आणि तिच्यातला रेडिओ माझ्या हातात दिला. "तंबूत चालवून दाखव बघू!"

मी म्हणालो, "चालवतो साहेब, माझा डिप्लोमा आहे." डिप्लोमा सिव्हिलचा होता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

*

पहिल्याच संध्याकाळी मी रेडिओ खाटेवर मांडला, एरियलची तार बाभळीवर टाकली आणि जीपची बॅटरी काढून आणली. बटण फिरवलं. आतला दिवा मिणमिणला, आवाज मात्र नाही. म्हटलं, तार उंच हवी. चढलो बाभळीवर! अर्धा तास मी वरून ओरडतोय, "आता येतंय का?" आणि खालून आबा म्हणतायत, "न्हाय!"

इस्माईलभाईंनी शांतपणे बिडी संपवली. "सायेब, जीपची बॅटरी सहा व्होल्टची. ह्या डब्याला बारा लागत्यात."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लई झ्याक चढत होता."

त्या रात्री आबांनी सुईनं माझे काटे काढले. सतरा निघाले.

*

खात्याच्या बंद पडलेल्या ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी मिळवली. आता प्रश्न असा की प्लस कुठं आणि मायनस कुठं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मायनस नेहमी पत्र्याच्या डब्याला! हे शास्त्र आहे." इस्माईलभाईंनी तोंड उघडलं, पण मी हातानंच थांबवलं. बटण दाबलं, डब्यातून गुरगुर आली आणि मागोमाग धूर! आबांनी पाण्याची कळशी उचलली, ती मी कशीबशी अडवली.

"ह्या विलायती गाडीत प्लसच डब्याला व्हता," इस्माईलभाई म्हणाले. "म्या सोता काढलाय त्यो रेडिओ."

"मग बोला की हो!"

"बोलणार व्हतो. पर तुमी म्हनला, शास्त्र हाय."

बारामतीच्या मिस्त्रीनं तो दुरुस्त केला. कोणी जोडला होता असं त्यानं विचारलं, तेव्हा मी आबांचं नाव सांगितलं. आबांना हे कळलं, आणि पुढचे चार दिवस माझ्या भाजीत मिठाचा पत्ता नव्हता.

*

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करायची. इस्माईलभाईंनी जीप धुऊन तिला झेंडूची माळ घातली, आबांनी उलथनं आणि विळी मांडली. मी ओव्हरसियर, माझं हत्यार म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी. पण ती जमिनीवर कशी ठेवायची? मान राहायला हवा! बॅटरीही पूजेला होतीच, चांगली चौरंगासारखी. मी साखळी दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि भक्तिभावानं बॅटरीवर ठेवली. बरोबर तिच्या प्लस-मायनसच्या दोन्ही टोकांवर!

ताडकन निळी ठिणगी उडाली. मी मागं पडलो तो थेट झेंडूच्या टोपलीत. आबांनी लगेच साष्टांग घातला.

"पावली!" ते ओरडले. "सायेब, आजून एकडाव ठिवा!"

*

बॅटरी उतरली की चार्जिंगला बारामतीला न्यावी लागे. एकदा ती नेण्याचा आणि मुलगी बघायचा दिवस एकच आला. मी नवी गॅबर्डिनची पँट चढवली आणि प्रवासी मोटारीत बॅटरी मांडीवर घेऊन बसलो. दुसऱ्या कोणाच्या हातात देईन तर शपथ! मोटारीला धक्के बसत होते, मांडीवर जरा ओलं लागत होतं. म्हटलं, घाम असेल.

बॅटरी दुकानात टाकून मुलीच्या घरी पोचलो. पोहे झाले, प्रश्न झाले. तिचे वडील, तात्या, म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

ती खाली बघत म्हणाली, "ह्यांची पँट अजून किती वेळ टिकंल?"

मी खाली पाहिलं. दोन्ही मांड्यांवर चाळणी! ॲसिडनं आपलं काम चोख केलं होतं. परत येताना मी तात्यांचं धोतर नेसून आलो. लग्न तिच्याशीच झालं. धोतर मात्र अजून परत केलेलं नाही.

*

आता शेवटचा. हा सांगताना मला हसू येत नाही, पण सांगतो.

एके दिवशी आबांना पुण्याहून कार्ड आलं. त्यांना वाचता येत नसे, कार्डं मीच वाचायचो. कार्ड धाकट्या भावाचं, सोपानचं. वडिलांच्या सनईवरून दोघं भांडले होते, सोपान सनई घेऊन घरातून गेला होता, आणि नऊ वर्षांत एकमेकांशी शब्द नव्हता. कार्डात एवढंच होतं: गुरुवारी सकाळी सात वाजता पुणे केंद्रावर वाजवणार आहे. जमल्यास ऐकावे.

"वाजवू दे की," आबा म्हणाले. "मला काय करायचंय?"

पण त्या दिवसात त्यांनी मला तीनदा विचारलं, "बेस्तरवार कवा हाय वो?"

लग्न तेव्हा ठरलं होतं, व्हायचं होतं. बुधवारी संध्याकाळी तात्या मुक्कामावर आले, होणारा जावई कसा राहतो ते बघायला. पँटीची अब्रू भरून काढायची होती ना! मी रेडिओ लावला. गाणी झाली, बातम्या झाल्या, शेतीवरचं भाषणसुद्धा झालं. इस्माईलभाई कानाशी येऊन म्हणाले, "सायेब, बंद करा. सकाळी आबाचा भाऊ हाय."

"अहो, बॅटरीत अजून आठ तासांचा दम आहे! हिशेब केलाय मी."

तात्या खूश होऊन गेले.

सकाळी आबा पहाटेच आंघोळ करून, धुतलेला पटका बांधून खाटेसमोर बसले होते. चूल पेटवली नव्हती. सातला मी बटण फिरवलं. निवेदकानं सोपानचं नाव घेतलं, आबांनी मान खाली घातली. आणि सनई सुरू झाली. काय सूर होता! इस्माईलभाईंनी हातातली बिडी पेटवलीच नाही. आबांची बोटं गुडघ्यावर हलत होती.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. सूर बारीक व्हायला लागला, आणखी बारीक झाला, आणि डब्यातला दिवाच विझला.

मी तारा हलवल्या. बॅटरीला थापा मारल्या. काही नाही. जीपची लावावी तर ती सहा व्होल्टची. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. बॅटरी बसली की आबा दरवेळी पहिली शिवी हासडायचे. मी तिचीच वाट बघत होतो. मिळाली असती तर बरंच वाटलं असतं.

"आबा," मी कसाबसा म्हणालो, "माझ्यामुळं..."

आबांनी हात वर केला. "गप ऱ्हावा. दम खातोय त्यो. ल्हानपनापासनं मधीच थांबतोय."

ते डब्याकडं बघत राहिले. मग आम्हीही बसलो. कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता, तेवढा वेळ आम्ही तिघं तसेच बसून होतो. बोटं मात्र त्यांच्या गुडघ्यावर हलतच होती.

साडेसात झाले तसे आबा उठले. चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि मला म्हणाले, "सायेब, एक कार्ड लिवा सोपानला."

मी कार्ड काढलं. "काय लिहू?"

"लिवा, समदं ऐकलं. शेवटाला तर रडीवलंस गड्या."