करवतीचे दाते

अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे मोरोपंत टाकळकर म्हणजे मोठा तोऱ्याचा माणूस. तोरा कशाचा, तर स्वतःच्या हाताचा! प्रयोगात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं आणि त्यानं यंत्राकडे बोट दाखवलं, की हे कडाडलेच, "उजेड नाही चुकत रे गाढवा, हात चुकते तुहा!" अर्ध्या वऱ्हाडातल्या मास्तरांनी त्यांच्या ह्या शिव्या खाल्लेल्या.

सदुसष्ट साली मुंबईहून औषधाच्या डबीत तिळाएवढा स्फटिक आला. वीज सोडली की त्यातून लेसरचा उजेड निघायचा, तोही डोळ्यांना न दिसणारा. त्या उजेडात कोणत्या लांबीच्या लहरी किती आहेत, हे मोजायचं काम मोरोपंतांनी मागून घेतलं. अंधाऱ्या खोलीत बसायचं, यंत्राचा स्क्रू केसभर फिरवायचा, काट्याचा आकडा वाचून आलेखावर ठिपका द्यायचा. रिटायर होण्याआधी एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच म्हाताऱ्याची हाव. त्यात काय वाईट होतं हो?

पण गुळगुळीत टेकडीसारखा यायचा तो आलेख आला करवतीसारखा. दातेच दाते! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. विभागप्रमुख कमलाकांत हा त्यांचाच जुना विद्यार्थी. तो चाचरत म्हणाला, "सर, राग मानू नका, पण तुमचा हात थरथरत तर नाही ना?"

मोरोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. दाते सारख्या अंतरावर आहेत, हे त्यांना दिसत होतं. थरथरणारा हात असा मापून थरथरतो होय? अगदी ओठांवर आलं होतं. पण जन्मभर जे पोरांच्या कानीकपाळी ओरडले, ते स्वतःवर आल्यावर उलटं कसं बोलायचं? "हातच असंल बा," एवढंच म्हणाले आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवून दिली. बोलायला हवं होतं त्यांनी, भांडायला हवं होतं. एरवी तर जीभ कशी चुरूचुरू चालायची!

मुदतीआधीच नोकरी सोडून ते अकोल्याच्या घरी आले. दिवसभर हाताकडं बघत बसायचे. बायको सरोजिनीबाई वैतागायच्या, "अहो, काहून पाहून राहिले असे हाताकडं? काय झालं त्याले?" काही झालं नव्हतं. पण बघता बघता झालं. आधी कपबशी वाजायला लागली, मग सदऱ्याची बटणं सरोजिनीबाई लावून द्यायला लागल्या.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात कमलाकांत अकोल्याला आला. डोळे भरलेले. "सर, नव्या पोरानं मोजलं. हात कसा दगडासारखा त्याचा, तरी तेच दाते! स्फटिकाच्या मधल्या थरातच राहायला हवा तो उजेड खालच्या तळात झिरपतो, तिथून आपटून परत येतो आणि मूळ उजेडात मिसळतो. काही लहरींत भर घालतो, काहींत तूट आणतो, म्हणून ते सारख्या अंतरावरचे दाते. तुमचा हात नव्हता सर. लेख छापायला जातोय, पहिलं नाव तुमचंच. इथं सही तेवढी करा."

मोरोपंतांनी कागद जवळ ओढला. मग त्यांनी पेन उचललं. सरोजिनीबाईंनी कागद दाबून धरला. निब कागदाला लागली आणि नावाच्या जागी वेडेवाकडे दाते उमटत गेले, एक आखूड, एक लांब, एकाचा एकाला मेळ नाही.

"हे पाह्य, कमलाकांत," मोरोपंत म्हणाले, "हाताचे दाते असे असतात."