तुळसा अक्कांचं शेवटचं कडवं

"माधवराव, कितीदा ऐकलंत तरी ते कडवं यात सापडणार नाही. गायलंच नव्हतं अक्कांनी."

मी म्हणालो, तरी माधवराव कानावरचे हेडफोन काढेनात.

तंजावरात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आम्ही ऐकत होतो ते मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, माधवरावांच्या आईचं होतं. पापनाशमच्या तुळसा अक्का. गाणं आमच्या तंजावरी मराठी घरांतलं, नवरीच्या पाठवणीचं. ते पूर्वी मीच रेकॉर्ड केलं होतं.

या गाण्याचा एक रिवाज आहे. शेवटचं कडवं नवरी खरोखर उंबरा ओलांडत असेल तेव्हाच म्हणायचं. एरवी म्हटलं तर घरातलं माणूस जातं, असा समज. अक्का त्या जागी येऊन थांबल्या. मी काचेपलीकडून खूण केली, चालू द्या.

"नोको रे कण्णा," लेकराला समजवावं तशा त्या म्हणाल्या. "आज कोण निघालीय घरांतून?"

आणि पदर सावरत उठल्या. मला त्यांचा ठामपणा आवडला होता.

पुढे ते रेकॉर्डिंग इंटरनेटवर गेलं आणि गाण्याला पाय फुटले. तिरुवैयारूच्या एका ऑर्केस्ट्रानं त्याचं कव्हर केलं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं गाणं. त्यांनी तमिळ शब्द घातले. चेन्नईच्या कुणी त्यावर ढोल चढवून रिमिक्स केलं. गाणं मध्येच संपतंय असं वाटलं म्हणून शेवटी पहिलंच कडवं पुन्हा जोडलं, वर टाळ्या. तेच गाजलं. आता लग्न कुणाचंही असो, मंडपात हे वाजतंच. रडवायला केलेल्या गाण्यावर माणसं नाचतात. माधवरावांच्या फोनची रिंगटोनही तीच. "अम्माचं गाणं," असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगत.

आता त्यांच्या मुलीचं, मंजुळाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि अक्कांना विसर पडायला लागला होता.

"आमच्या घरची एकही पोर त्या कडव्याशिवाय निघाली नाही, राव," माधवराव म्हणाले.

"कुणी लिहून नाही ठेवलं?"

"कसाला लिहील कोणी? अम्मा होती की."

अक्कांच्या बरोबरीच्या गाणाऱ्या केव्हाच गेल्या होत्या. आम्ही सापडतील तेवढी कव्हरं ऐकली. सगळी माझ्याच मास्टरवरून निघालेली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटचा उपाय म्हणून मी लॅपटॉप घेऊन पापनाशमला गेलो. नावं विसरलेल्या माणसालाही जुनं गाणं आठवतं, हे मी पाहिलेलं आहे. अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि त्यांचाच आवाज लावला.

थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "कोण ही? सूर फार ओढते."

"अम्मा, तूच ती," माधवराव म्हणाले.

"मी असं गात नाही."

हेडफोन काढून त्या गायला लागल्या. आवाज अजून खणखणीत. पण चाल रिमिक्सची. ढोल यायचा तिथं त्या थांबत, टाळ्यांच्या जागी टाळ्या वाजवत. त्या घरात फोनवर दिवसभर तेच वाजत होतं, तेच आत जाऊन बसलं.

कडवी संपली. माधवराव त्यांच्या पायाशी बसले. "पुढं, अम्मा? मंजुळा उंबऱ्यांत उभी आहे. पुढं काय?"

अक्का हसल्या. "पुढं काय? परत पहिल्यापासून."

आणि त्यांनी पहिलं कडवं धरलं. माधवरावांनी तोंड फिरवलं.

लग्नाला मी गेलो. निघताना मंजुळा उंबऱ्याशी थांबली आणि आजीकडे बघत राहिली. कुणीतरी स्पीकरवर रिमिक्स लावलं. वऱ्हाड नाचायला लागलं. अक्का सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या, अगदी खुशीत. मंजुळा तशीच बाहेर पडली.

रेकॉर्ड झालं की गाणं वाचलं, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मीही गिऱ्हाइकांना ते ऐकवत असे. आता नाही ऐकवत. जेवढं रेकॉर्ड होतं तेवढंच वाचतं, आणि तेवढंच होतं असं मग गाणारीलाही वाटायला लागतं.