मापाचा फिल्टर

कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही! मी घसा फोडून सांगतेय, जुना फिल्टर नमुन्याला नेला होता, ह्या माझ्या हातानं नेला होता. आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. ऐकायचंय? मग चहा घ्या आणि गुमान बसा. मधी बोलू नका, मी आधीच दमलेय.

आमचा एकच ट्रक. त्याच्यावर घर चालतं. मालकांनी पुढच्या काचेवर माझं नाव रंगवून घेतलंय, हातभर मोठं, पिवळ्या रंगात. त्या दिवशी कांदा भरून गाडी दारात उभी. दुपारच्या आत हैदराबाद रोडला लागायची होती. सोलापूरचं ऊन आणि ताडपत्रीखाली कांदा! उशीर झाला तर व्यापारी काय, वास विकत घेणार?

ऑइल बदलायला रशीदभाई मेस्त्री सकाळी येतो म्हणाला आणि आला उन्हं चढल्यावर. जुनं ऑइल घमेल्यात सोडलं, फिल्टर खोलून त्यातच टाकला.

"वैनी, नवा फिल्टर आणा. जुना घिऊन जावा नमुन्याला."

"मला शिकवू नका! शिंप्याकडं जाताना मापाला जुनं पोलकं नेतोच की आमी."

नेला जुना. दुकानदारानं उलटापालटा करून बघितला. वरचा नंबर पुसलेला.

"मावशी, गाडी कंची?"

"जुना समोर ठिवलाय ना? मग गाडी कशाला पायजे? शिंपी मापाच्या पोलक्याला इचारतो का, बाई कंची म्हणून?"

त्यानं तसलाच काढून दिला.

रशीदभाईनं रबराला बोटानं ऑइल लावलं, फिल्टर हातानं आवळला, वरून नवं ऑइल ओतलं. मालकांनी गाडी चालू केली. आणि खाली धार! मधासारखं नवंकोरं ऑइल मातीत!

"बंद करा, दादा! बंद करा! इंजन जाम हुईल!" रशीदभाई बोंबलला.

इंजन गेलं तर खायचं काय? कांदेच?

"नीट आवळला नसंल तुमी," मी म्हणाले.

"रबरच बसंना जागंवर. दुकानदारानं चुकीचा दिलाय, वैनी."

असं? दोन्ही फिल्टर पिशवीत घातले, रिक्षा केली, दुकानात जाऊन तोफ डागली. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"बघा की मावशी, जुळी भावंडं हायत. तुमच्या मेस्त्रीलाच आवळता येईना."

खरंच जुळी! परत आले, रशीदभाईला धरला. "कुटं शिकला हो मेस्तरकी? सायकलच्या दुकानात?"

त्यात आमचं दार! वाऱ्यानं सारखं धाडधाड आपटत होतं. ह्याला आजच काय भरलंय, म्हणून दारालाही दोन शिव्या हासडल्या.

रशीदभाई घाम पुसत म्हणाला, "वैनी, खरं सांगा. कंचा फिल्टर नेलाता?"

"जुना! किती डाव सांगू?"

"मग ह्यो कुणाचा?"

घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून त्यानं एक काळाकुट्ट, ऑइल निथळणारा फिल्टर वर काढला.

आता तुम्ही असं बघू नका. मी खोटं बोलले नव्हते! ते गळकं ध्यान नव्या पिशवीत कोण घालणार? आमच्या उंबऱ्याशी दार आपटू नये म्हणून एक जुना फिल्टर ठेवलेला असतो. पुसलेला, कोरडा. म्हटलं, ह्याच गाडीचा असेल. तो उचलला.

मालक पिशवीतला फिल्टर बघून म्हणाले, "ह्यो आपल्या टेम्पोचा. टेम्पो इकून किती वर्सं झाली, अगं."

मागं दार आपटलं. धाड!

मग घमेल्यातला घेऊन मालक स्वतः गेले, बरोबर फिल्टर आणला. धार थांबली. गाडी निघायला दिवस कलला आणि ताडपत्रीखालून वास यायला लागला.

मी हळूच म्हणाले, "व्यापाऱ्यानं इचारलं तर दुकानदाराचं नाव सांगा. न्हाय तर रशीदभाईचं."

मालकांनी फडकं घेतलं, पुढची काच पुसली, माझ्या नावावरची धूळही पुसली.

"सांगायचं कशाला? लांबनंच वाचंल की," म्हणाले आणि गाडीत बसले.

वर पिवळंधमक चमकत होतं: शेवंता.