"भाऊनं घरी नेलं का?"

स्वतःच्या जाहिरातीला स्वतःच भुलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे समुद्रपूरचे ऐकाभाऊ. दिवसभर ऑटोवर दोन भोंगे लावून ते गावोगाव फिरायचे. साडीचा सेल, मिक्सरची योजना, डास मारायचा दिवा, जे काम मिळेल त्याची दवंडी पिटायचे आणि संध्याकाळी परतताना त्याच दुकानात थांबून ती वस्तू विकत घ्यायचे. दुकानदारालाच संकोच वाटायचा. "भाऊ, तुमाले कायले पाहिजे हे?" असं तो विचारायचा, तर भाऊ खरोखर चकित व्हायचे. "काऊन? एवढी चांगली वस्तू हाये म्हनून सकाळपासून सांगून राह्यलो ना मी!"

मी सांगलीकडची. लग्न होऊन समुद्रपूरला आले तेव्हा भाऊंचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यांची प्रत्येक जाहिरात "ऐका भाऊ, ऐका!" अशी सुरू व्हायची, म्हणून सगळा तालुका त्यांना ऐकाभाऊ म्हणायचा. खरं नाव मला पुढे वर्षभराने त्यांच्या विजेच्या बिलावर दिसलं, आणि ते मला अगदीच परक्या माणसाचं वाटलं.

त्यांच्या घरात शिरलं की दुकानात शिरल्यासारखं होई. तीन मिक्सर, दोन गाळण्या लावलेलं पाण्याचं पिंप, पिळायची गरज नसलेला पोछा, कांदा चिरायचं यंत्र, केस न गळण्याचं तेल. हे तेल घेतलं तेव्हा भाऊंच्या डोक्यावर मोजून घ्यावेत इतकेच केस होते. काकू, म्हणजे भाऊंची बायको, या पसाऱ्यातून वाट काढत मला चहा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, या घरात माझं कोनीच ऐकत नाई. गाव याईचं ऐकते, अन् हे बी याईचंच ऐकते."

भाऊ नुसतं ओरडायचे नाहीत, समोर कोण आहे ते पाहून बोलायचे. दुपारी धुण्याभांड्याच्या वेळी गल्लीत आले की पोछ्याबद्दल एवढंच म्हणायचे, "बाई, कंबर तुमची हाये की फरशीची?" मिक्सर विकायचा तर, "पाटा सासूचा हाये, मान्य. पन हात तर तुमचाच दुखते!" एकदा साड्यांच्या सेलची जाहिरात करत ते आमच्या गल्लीत आले, स्वतःच्या दारासमोर ऑटो थांबवला आणि भोंग्यावरूनच म्हणाले, "अन् या घरच्या बाईनं दिवाळीपासून नवी साडी घेतली नाई, तिनं जरा बाहीर यावं." काकू बाहेर आल्या, हातात लाटणं होतं. सगळी गल्ली ओट्यावर जमली. काकूंनी लाटणं दाखवलं खरं, पण संध्याकाळी हिरवी साडी आली आणि ती त्यांनी पुढचे कितीतरी सण नेसली.

जाहिरातीतली वस्तू स्वतःच घरी नेण्याच्या सवयीचा एक परिणाम भाऊंच्या ध्यानातही नव्हता. लोक जाहिरात ऐकायचे, मान डोलवायचे, पण घ्यायचे नाहीत. आधी काहीतरी निमित्त काढून भाऊंच्या अंगणात डोकावायचे. वस्तू वापरात दिसली तर घ्यायचे, माळ्यावर गेलेली दिसली तर नाही. नवीन काही बाजारात आलं की बायका एकमेकींना विचारायच्या, "भाऊनं घरी नेलं का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "काकू वापरते का?"

दुकानदारांना हे उमगायला वेळ लागला नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या विकणाऱ्या एकाने अर्धा डझन खुर्च्या फुकट आणून भाऊंच्या अंगणात मांडल्या. भाऊ कौतुकाने एकीवर टेकले, मागचा पाय वाकला आणि ते तुळशीपाशी जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे जाहिरात झाली. "ऐका भाऊ, ऐका! सुंदर खुर्ची, रंग पक्का. पन बसून पाहा, मंगच घ्या. मी काल पडलो!" दुकानदार दुपारपर्यंत ऑटो शोधत फिरत होता.

"भाऊ, असं कोणी सांगतं का?" मी हसत विचारलं.

"सूनबाई, मी पडलेलं साऱ्या गल्लीनं पाह्यलं. आता म्या सांगतलं नाई तर उद्या माझं कोन ऐकन?"

पुढे त्यांच्याशी गाठ पडायची वेळ माझ्यावरही आली. अविनाशने, माझ्या नवऱ्याने, शाळेतली नोकरी सांभाळून लाकडी घाणा सुरू करायचं ठरवलं. शेंगदाणा, जवस आणि तीळ. घाणा मी चालवायचा असं ठरलं, कारण मला काहीतरी स्वतःचं हवं होतं, आणि सासरी येऊन नुसती भाकरी थापण्यात माझा जीव रमत नव्हता. नागपूरच्या एका पोराकडून आम्ही बाटलीवरचं लेबल करून घेतलं. सोनेरी अक्षरं, मागे उगवता सूर्य आणि मधोमध घाण्याभोवती फिरणारा पांढराशुभ्र बैल. त्या लेबलावर माझा इतका जीव होता की पहिली बाटली मी देवापुढे ठेवली. दुसरी घेऊन भाऊंकडे गेले.

भाऊंनी बाटली उजेडात धरली. तेल पाहिलं नाही, लेबल पाहिलं.

"हा बैल कुठं हाये?"

"चित्र आहे ते, भाऊ."

"नाई, पन हाये कुठं? तुमच्या घरी तं मोटर फिरते. आवाज येते मले."

"बैल म्हटलं की लोकांना जुन्या पद्धतीचं, शुद्ध असं वाटतं."

"वाटते ना? मंग त्याले भेटवा मले एकदा."

मला राग आला. मी म्हटलं, नागपूरच्या दोन दुकानांत बैलाशिवाय बाटली ठेवलीच नसती. आणि ते खरंच होतं. तिथे पुढेही लोक बाटली उचलायचे ते बैल बघून, तेलाचा वास नंतर घ्यायचे. भाऊंनी हे मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. नागपूरच्या लोकाले बैल पाहाले भेटत नाई, बाटलीवर तरी पाहू दे. पन आपल्या गावात लोकाइच्या गोठ्यात खरे बैल हायेत. थे विचारतीन, म्हनून मी विचारलं."

जाहिरात करायचं मात्र त्यांनी कबूल केलं नाही. आधी एक डबा काकूंच्या स्वयंपाकघरात संपला पाहिजे, मग बघू. महिनाभर मी भिंतीपलीकडच्या फोडणीचा आवाज ऐकत होते. घाण्यापुढच्या आमच्या दुकानात कोणी फिरकत नव्हतं. सासूबाई बाटल्यांवरची धूळ पुसायच्या, आणि मला वाटायचं, माझं सगळं नशीब त्या एका कढईत उकळतंय.

शेवटी काकू आल्या. ओट्यावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "तेल चांगलं हाये, पोरी. भाजीले वास येते, आपल्या लहानपनी यायचा तसा. पन तळाले घेतलं की फेस येते. माझी पुरी दिसत नाई त्यात." आम्ही तेल पुरेसं निवळू न देता घाईने भरत होतो. तेव्हापासून टाक्यांत जास्त दिवस ठेवू लागलो. दुसरा डबा काकूंना दिला, आणि एके सकाळी माझी भाजी फोडणीत असताना गल्लीच्या टोकाला भोंगा वाजला.

"ऐका भाऊ, ऐका! घाण्याचं तेल आलं. महाग हाये, आधीच सांगतो. सूनबाई सांगलीची हाये, पन शेंगदाना आपला हाये. बाटलीवर बैल हाये, घरात मोटर हाये. पह्यले फेस येत होता, आता येत नाई. खोटं वाटत असन तर आमच्या बाईले विचारा!"

मी चुलीपाशी कपाळाला हात लावून बसले. माझ्या मालाच्या सगळ्या उणिवा तालुक्याला मोठ्या आवाजात कळल्या होत्या. पण दुपारपासून काकूंच्या दारात बायकांची रांग लागली. त्या तिथे पुरी खायच्या आणि तिथून उठून आमच्याकडे यायच्या. "तो फेस येत नाई थे तेल द्या," असं म्हणून मागायच्या. आमच्या ब्रँडचं नाव लेबलावर एक होतं, पण समुद्रपुरात ते तेल कायम "बिनफेसाचं" म्हणूनच खपलं.

भाऊंच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण दिवस मी डोळ्यांनी पाहिला, तो जवळच्या गिरड गावच्या आठवडी बाजारात. झालं असं की बाहेरगावचा एक माणूस गुडघेदुखीचं तेल घेऊन आला होता. त्याने भाऊंना हिंगणघाटला नेऊन जाहिरात रेकॉर्ड करून घेतली. कागदावर लिहून दिलेली ओळ भाऊंनी नेहमीच्या खुशीत वाचली, "आमच्या घरी आम्ही स्वतः हेच वापरतो!" वाचून झाल्यावर त्यांनी बजावलं, "आधी आमची बाई लावून पाहीन. मी हो म्हनलं की मंग वाजवा." माणूस हो हो म्हणाला, एक बाटली देऊन गेला.

काकूंनी तेल लावलं आणि रात्रीतून दोन्ही गुडघे लालबुंद झाले. आग आग. भाऊ फोन लावत राहिले, तो माणूस उचलेना. आणि बाजाराच्या दिवशी मी गिरडला तेलाच्या बाटल्या मांडून बसले होते, तर समोरून एक अनोळखी ऑटो आला, त्यावर भाऊंचा आवाज. "ऐका भाऊ, ऐका! गुडघे पळाले लागतीन! आमच्या घरी आम्ही स्वतः हेच वापरतो!" लोक गर्दी करून बाटल्या घेत होते. कोणी विचारलंच नाही की भाऊंनी घरी नेलं का. ते तर भाऊच सांगत होते.

इतक्यात मागून दुसरा भोंगा ऐकू आला. तोही भाऊंचाच.

"ऐकू नका भाऊ, ऐकू नका! थो मी नाई!"

बाजार थबकला. समोरचा भोंगा म्हणत होता गुडघे पळतील, मागचा म्हणत होता, "पळून राह्यले बापा, पन डॉक्टरकडे!" दोन्ही आवाज एकच. पोरं हसू लागली. एक म्हातारी वांग्यांच्या ढिगाआडून ओरडली, "अरे, कोनत्या ऐकाभाऊचं ऐकू मी?" कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या कंपनीनं भाऊंना फोडलं असेल, म्हणून आता असं बोलत असतील. हे भाऊंनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला की मी माझं दुकान सोडून धावले. ज्या आवाजावर गाव विश्वास ठेवत होतं, तोच आवाज समोर उभा राहून त्यांना खोटं पाडत होता. आणि त्या विश्वासावर माझं तेलही उभं होतं. भाऊंनी माईक खाली ठेवला.

ऑटोच्या मागच्या सीटवर काकू होत्या. त्यांनी हात लांब करून माईक उचलला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच भोंग्यावर बोलत होत्या, म्हणून आवाज आधी चिरकला.

"मी याईची बायको. तेल मी लावलं. बायांनो, इकडे ऑटोच्या मागं या, माझे गुडघे दाखवते. मानसाईनं तिकडं तोंड करा!"

सगळ्या बाजारातल्या पुरुषांनी निमूट पाठ फिरवली. तसं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बायका ऑटोमागे गेल्या, आणि तिथून "अगं माय!" "बापा, बापा!" असे उद्गार येऊ लागले. त्या बाहेर आल्या त्या थेट समोरच्या ऑटोकडे. मग वांगीवाली म्हातारी पुढे आणि बाकी मागे. तो माणूस बाटल्या परत घेत घेत घामाघूम झाला आणि भोंगा बंद करायचंही विसरला. भाऊंचा आवाज तसाच गुडघे पळवत गिरडच्या बाहेर निघून गेला.

परतताना मीही त्यांच्याच ऑटोत बसले, वाटेत भाऊंनी ऑटो हळू केला. मग म्हणाले, "आज पह्यल्यांदा या बाईचं कोनी ऐकलं."

काकू म्हणाल्या, "तुमी बी ऐकलं. हे जास्त मोठं."

त्यानंतर भाऊंनी जाहिरातीची रीत बदलली. हा टेप नाही, आपण जिवंत बोलतोय, हे पटवायला ते समोर दिसेल ते सांगू लागले. "ऐका भाऊ, ऐका! हा मीच हाये. रमेशभाऊ, तुमचा चहा सांडून राह्यला. ताई, दोरीवरचा टॉवेल उडाला. अन् आता ऐका, चपलाइचा सेल!" यामुळे गल्लीतली कित्येक गुपितं बाहेर आली, पण लोकांना आवडायचं. भोंगा ऐकू आला की आम्ही सगळे जरा नीटनेटके व्हायचो.

गेल्या उन्हाळ्यात काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि मुलीने दोघांना नागपूरला कायमचं बोलावून घेतलं. ऑटो विकला. निघायच्या दिवशी अर्धं गाव स्टँडवर आलं होतं. चौकशीच्या खिडकीतले साहेब भाऊंचे जुने श्रोते. त्यांनी खिडकीतून माईक बाहेर काढून दिला, म्हणाले, "भाऊ, आज तुमची गाडी तुम्हीच सांगा." भाऊंनी घसा खाकरला. आवाज नेहमीचाच निघाला.

"ऐका भाऊ, ऐका! समुद्रपूर-नागपूर गाडी फलाटावर उभी हाये. खिडक्या उघडतात, म्या उघडून पाह्यल्या. डायवरभाऊनं आत्ताच चहा घेतला, झोप येनार नाई. मागच्या शीटवर उसळते, पुढं बसा. अशी गाडी रोज भेटत नाई!"

काकू खिडकीतून ओरडल्या, "अजी, गाडी सुटून राह्यली, चढा आता!" भाऊ धावत चढले, दारातून हात हलवत राहिले, आणि धुरळ्यात गाडी वळणाआड गेली. मी पदराने डोळे पुसत घरी आले.

दुपारी दुकानात एक शेतकरी तेल घ्यायला आला, घामाने भिजलेला. मी विचारलं, इतक्या उन्हाचं कुठून?

"जामच्या पुढून, बाई. जायचं होतं हिंगनघाटले. पन भाऊनं थे नागपूरची गाडी अशी सांगतली, अशी सांगतली, का मी बसूनच गेलतो."

"मग?"

"मंग काय, जामले हिंगनघाटचा फाटा मागं पडला तवा ध्यानात आलं, उतरून वापस आलो." त्याने बाटली पिशवीत ठेवली आणि हसला. "पन गाडी बढिया होती हं."